अठ्ठ्याहत्तरीचा ठेका

'रॉकबिली' हा शब्द तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी ऐकला नसेल. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्यांची गावाकडची 'कंट्री' गाणी आणि कृष्णवर्णीयांचं 'रिदम अँड ब्लूज' एकमेकांत मिसळलं, त्यातून हे संगीत जन्माला आलं. माणसाएवढ्या उंच बासच्या तारा बोटांनी खेचून अशा काही आपटतात की ढोलकीची गरजच वाटू नये!

एल्विस प्रेसलीसारख्या पुरुषांच्या या गाण्यात एक मुलगी बेधडक शिरली. तिचं नाव वांडा जॅक्सन. जन्म १९३७, ओक्लाहोमातल्या मॉड या छोट्या गावातला. १९५५ साली एल्विसबरोबर दौऱ्यावर असताना त्यानंच तिला हे नवं गाणं गायचा आग्रह केला. तिच्या 'फुजियामा मामा'नं तर थेट जपान गाजवलं.

२०१६ साली बहिणीकडे अमेरिकेत गेले होते, तेव्हा तिला प्रत्यक्ष ऐकण्याचा योग आला. क्लब म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातली हेलन आली होती. प्रत्यक्षात होती आपल्या मंगल कार्यालयाच्या जेवणघराएवढी खोली. दीडेकशे माणसं दाटीवाटीनं उभी. ठिपक्यांचे फ्रॉक घातलेल्या, केसात फूल माळलेल्या साठीच्या बायका पाहून मला तर गंमतच वाटली.

वांडाबाईंना हाताला धरून स्टेजवर आणलं. झालरीचं जॅकेट, काळेभोर फुगवलेले केस. खुर्चीत बसल्या आणि घशातून अशी काही गुरगुर काढली की अंगावर काटाच आला! आवाज थकला होता, मध्येच दम लागत होता. पण ठेका? तो जराही ढळला नाही. गाणी कमी आणि गप्पा जास्त, तरी कुणी जागचं हललं नाही.

त्यांची कहाणी ऐकण्यासारखीच आहे. उघड्या खांद्यांचा पोशाख घालून गायला गेल्या, तर नॅशव्हिलच्या प्रतिष्ठित 'ग्रँड ओल ऑप्री'त त्यांना खांदे झाकायला लावले. असे पोशाख शिवायची कोण, तर आई! दौऱ्यांवर सोबतीला वडील असत. १९६१ साली लग्न झालं आणि नवऱ्यानं नोकरी सोडून बायकोच्या कार्यक्रमांची व्यवस्था सांभाळली. २००९ साली 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचं नाव लागलं. नवरा २०१७ साली गेला, २०१९ साली त्यांनी स्टेज सोडलं, तरी २०२१ साली नवा अल्बम आलाच.

बाईच्या अंगात गुण असतोच हो. पण तिच्यासाठी शिवायला बसणारी आई, सोबत जाणारे वडील आणि पाठीशी उभा राहणारा नवरा किती जणींना मिळतो? आमच्या महिला मंडळात एक काकू आहेत. लग्नाआधी पेटीवर गायच्या. आता साठी उलटली. गा म्हटलं की पदर तोंडाशी धरून म्हणतात, "अगं, लोक काय म्हणतील? हे काय वय आहे का?"

त्यांना वांडाबाईंची गोष्ट सांगितली. गायल्या नाहीत, पण माळ्यावरची पेटी खाली काढून पुसून ठेवलीय म्हणे. तुमच्याही घरात अशी एखादी पेटी माळ्यावर पडलीय का? जरा बघा. आणि ती खाली काढायला घरातल्या पुरुषांनाही हात लावू द्या!