समासातल्या नोंदी

मुंबईतील करोनाचा पहिला मृत्यू १७ मार्च २०२० रोजी कस्तुरबा रुग्णालयात नोंदला गेला, तो साठी उलटलेल्या एका गृहस्थाचा होता. आणि त्यानंतर या रोगाने जी माणसे नेली त्यांत वृद्धांचाच भरणा मोठा राहिला, हे आता सर्वश्रुत आहे. परंतु वृद्धाच्या देहात शिरताना हा रोग पुष्कळदा आपली वर्दीच देत नाही, आणि दिली तरी ती अशा आडवाटेने देतो की घरच्या माणसांनाही तिचा अर्थ लागू नये, ही गोष्ट मला घाटकोपर पश्चिमेच्या भटवाडीत, एका आरोग्यसेविकेच्या मागोमाग स्वयंसेवक म्हणून डोंगरउतारावरच्या अरुंद पायऱ्या चढताना उमगली.

१५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम राज्यभर सुरू झाली होती. घरोघर जाऊन प्रत्येक इसमाचे तापमान आणि प्राणवायूची पातळी मोजावी, मधुमेह, रक्तदाब, दमा असा पूर्वीचा आजार विचारावा, आणि संशय आला तर तपासणीस रवाना करावे, असे कामाचे स्वरूप होते. या आरोग्यसेविका ताई उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच पुकारत, "आजी, जरा हात पुढं करा," आणि आजींनी हात पुढे केला की तो आधी आपल्या तळव्यांत धरून चोळत. कारण बोट गार असले, नखावर रंग असला किंवा हात थरथरत असला, तर बोटाला लावलेला प्राणवायू मोजणारा चिमटा खोटा आकडा दाखवतो. त्यातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटाच्या आरपार जातात, आणि प्राणवायूने भरलेले रक्त व रिते रक्त ते निरनिराळ्या प्रमाणात शोषून घेते, एवढ्या भेदावर त्याचे सारे गणित चालते. म्हणून पहिला आकडा दिसताच ताई तो लिहीत नसत, तो एका जागी ठरेपर्यंत थांबत, आणि त्या अवधीत आजींकडे नव्हे, तर मागे उभ्या असलेल्या सुनेकडे पाहून विचारत, "काल जेवल्या का?"

हा प्रश्न मला प्रथम शिष्टाचाराचा वाटला होता, तो शास्त्राचा होता. वार्धक्यात शरीराचे मूळ तापमानच काहीसे उतरलेले असते आणि ताप चढवण्याची शक्तीही मंदावते, त्यामुळे फुप्फुसांत संसर्ग पसरत असतानाही कपाळ थंडच लागते. धाप लागावी, तर तीही लागत नाही. कारण श्वासाची तगमग मुख्यतः रक्तात कर्बवायू साचल्याने होते, आणि या आजारात आरंभी कर्बवायू सुखेनैव बाहेर पडत असतो, केवळ प्राणवायूच उणा होत जातो. त्या उणेपणाची दखल घेणारी यंत्रणाही वयोमानाने बोथट झालेली असते. मग उरते काय? अन्नावरची वासना जाते, तहान कळत नाही, माणूस न्हाणीघरात तोल जाऊन पडतो, दिवसाढवळ्या गुंगीत राहतो, किंवा पोटच्या मुलाला दिवंगत भावाच्या नावाने हाक मारतो. घरचे म्हणतात, वय झाले; आणि या दोन शब्दांनी कित्येक घरांत मौल्यवान दिवस वाया घालवले, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोग वृद्धांत इतका बळावतो, त्याचे कारणही वयातच आहे. छातीच्या हाडामागची जी ग्रंथी संरक्षक पेशींना तालीम देते ती तारुण्यापासूनच आक्रसू लागते, आणि नव्या शत्रूची ओळख पटवणाऱ्या ताज्या पेशी साठीनंतर फारच थोड्या तयार होतात. त्यामुळे प्रतिकार उशिरा सुरू होतो, आणि सुरू झाला की आवरत नाही. त्या अनावर दाहातच फुप्फुसे, हृदय, मूत्रपिंडे भाजून निघतात.

एका खोलीत एक आजोबा खाटेवर टेकून बसले होते. ताप नाही, खोकला नाही. आकडा ९५ वर ठरला. सून म्हणाली, "तसं काही नाही हो ताई, पण परवापासून चहा मागत नाहीत." ताईंनी हा आकडा रकान्यात लिहिला आणि समासात बारीक अक्षरांत लिहिले, 'चहा सोडला', आणि संध्याकाळी ठरलेल्या फेरीबाहेर त्या पुन्हा तिथे गेल्या. आकडा ९१ झाला होता. महापालिकेच्या विभागीय वॉर रूमला दूरध्वनी गेला आणि रात्रीच रुग्णालयात खाट मिळाली.

पुढे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरच्या घरी सहा मिनिटे चालून पुन्हा पातळी मोजण्याची चाचणी आरोग्य खात्याने सांगितली. साठीपुढच्यांना त्यात तीनच मिनिटे मुक्रर केली होती. चालल्यावर पातळी ९३ च्या खाली गेली, किंवा आरंभीच्या आकड्यापेक्षा तीनहून अधिक अंकांनी उतरली, तर रुग्णालय गाठावे. परंतु ज्या दहा फुटी खोलीत पाच माणसे राहतात तिथे चालायचे कुठे? भटवाडीतल्या म्हाताऱ्या खाट आणि मोरी यांच्यामधल्या चार पावलांत येरझाऱ्या घालीत, आणि नातवंड मोबाइलवर वेळ मोजीत बसे.

इस्पितळातून सुखरूप परतणे म्हणजे दुखणे संपणे नव्हे, हेही तिथेच दिसले. वृद्धाच्या मांडीचे स्नायू आठवडाभर अंथरुणावर पडून राहिले तरी झपाट्याने झिजतात, आणि डोंगरवस्तीत ज्याला पायऱ्या उतरवत नाहीत त्याचा दवाखाना, बाजार, देऊळ, सोबत सारेच एकदम तुटते. अशांच्या नावापुढे समासात 'भिंत धरून', 'दारापर्यंत', 'उठत नाहीत' अशा नोंदी वाढत गेल्या. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस मिळू लागली तेव्हा याच मंडळींना केंद्र गाठता येईना. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस देण्याचा आरंभ महापालिकेने जुलैअखेर अंधेरी पूर्वेच्या के-पूर्व विभागातून केला, आणि भटवाडीत अशा घरांची यादी करण्याची वेळ आली तेव्हा ताईंनी जुन्या वह्या काढल्या आणि रकाने सोडून समास वाचायला घेतले.