हिमशिखरांच्या वाटेवरील रांग

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याची राजधानी असलेले डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंचीवर, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी वसले आहे. हिवाळ्यात शनिवार उजाडण्यापूर्वीच त्या शहरातील हजारो कुटुंबे अंधारात उठतात, मोटारीच्या टपावर स्कीच्या लांब फळ्या बांधतात आणि पश्चिमेची वाट धरतात. पायांना फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा हा खेळ तेथे केवळ धनिकांचा राहिलेला नाही. शिक्षक, परिचारिका, विद्यार्थी असे सर्वच त्यात रमतात. परंतु या सर्वांना पर्वतात नेणारा मुख्य रस्ता एकच आहे. आंतरराज्य महामार्ग ७० या नावाने तो ओळखला जातो. डेन्व्हर ते व्हेल हे सुमारे शंभर मैलांचे अंतर एरवी दोन तासांच्या आत तोडता येते. रविवारी दुपारी, विशेषतः बर्फ पडत असताना, परतीच्या त्याच अंतराला चार-पाच तास लागले तर त्याचे तेथे कोणाला आश्चर्य वाटत नाही.

हा रस्ता या वाटेने जाईल असे प्रथम ठरलेलेच नव्हते. आंतरराज्य महामार्गांच्या मूळ आराखड्यात हा मार्ग डेन्व्हरलाच संपत होता. पलीकडे पर्वताची भिंत होती आणि ती फोडण्याचा खर्च अभियंत्यांना परवडण्यासारखा वाटत नव्हता. कोलोरॅडोच्या पुढाऱ्यांनी दिल्लीपती गाठावा तसे वॉशिंग्टन गाठले, आणि १९५७ मध्ये हा मार्ग पश्चिमेकडे यूटा राज्यापर्यंत वाढविण्यास संमती मिळविली. त्यानंतर पाचच वर्षांनी, डिसेंबर १९६२ मध्ये, व्हेल येथील स्की-केंद्र उघडले. दुसऱ्या महायुद्धात याच पर्वतात हिमयुद्धाचे शिक्षण घेतलेल्या दहाव्या पर्वतीय डिव्हिजनमधील एक सैनिक, पीट सायबर्ट, हे त्याच्या संस्थापकांपैकी एक होते. पण त्या वेळी तेथे पोचण्यासाठी जवळजवळ बारा हजार फूट उंचीची लव्हलंड खिंड ओलांडावी लागे, आणि वळणावळणाचा तो घाट हिवाळ्यात वारंवार बंद पडे.

त्या खिंडीजवळ काढलेला बोगदा ८ मार्च १९७३ रोजी वाहतुकीस खुला झाला. अकरा हजार फुटांहून अधिक उंचीवर, सुमारे पावणेदोन मैल लांबीचा हा बोगदा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या कामाची एक कथा येथे सांगण्यासारखी आहे. जॅनेट बॉनेमा या तंत्रज्ञ महिलेला बोगद्यात पाऊल ठेवण्याची मनाई होती. स्त्रीने खाणीत शिरणे अशुभ, अशी कामगारांची समजूत होती. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि नोव्हेंबर १९७२ मध्ये त्या बोगद्यात गेल्या. कित्येक कामगार काम टाकून बाहेर पडले. बोगदा मात्र कोसळला नाही. शेजारचा दुसरा बोगदा, ज्याला माजी गव्हर्नर एडविन जॉन्सन यांचे नाव आहे, तो २१ डिसेंबर १९७९ रोजी पुरा झाला. जाण्यास दोन मार्गिका, येण्यास दोन. आज चाळीसहून अधिक वर्षांनंतरही त्या चारच आहेत. राज्याची लोकसंख्या मात्र १९७० च्या शिरगणतीत बावीस लाख होती, ती २०२० मध्ये सत्तावन्न लाखांवर गेली.

येथे एका ऐतिहासिक मतदानाचे स्मरण होते. १९७६ चे हिवाळी ऑलिंपिक सामने डेन्व्हरला बहाल करण्यात आले होते. पण नोव्हेंबर १९७२ मध्ये कोलोरॅडोच्या जवळजवळ साठ टक्के मतदारांनी त्यासाठी सरकारी पैसा देण्यास नकार दिला आणि ते सामने ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे गेले. खर्च वाढेल, पर्वत विद्रूप होतील, साऱ्या जगाची गर्दी लोटेल, ही भीती त्या नकारामागे होती. ऑलिंपिक टळले. गर्दी टळली नाही, कारण ती बाहेरून यायचीच नव्हती. ती डेन्व्हरच्या उपनगरांतूनच उठणार होती.

या कोंडीचे कारण शोधताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, बोगद्यातून सर्वांत अधिक वाहने हिवाळ्यात जातच नाहीत. दिवसाला पन्नास हजारांवर वाहने गेल्याच्या नोंदी आहेत, पण बोगद्याची खरी गर्दी उन्हाळ्यातील आठवड्याअखेरीस होते. मग हिवाळ्यातील हाल एवढे का? उन्हाळ्यात कोणी सकाळी निघतो, कोणी दुपारी. कोणी मासे पकडून तिसऱ्या प्रहरी परततो, तर कोणी चांदण्यात. हिवाळ्यात माथ्यावर नेणारे पाळणे सकाळी साडेआठ-नऊला सुरू होतात आणि चारच्या सुमारास थांबतात. हजारो माणसांचे घड्याळ असे एकाच किल्लीने फिरविले जाते. त्यात विंटर पार्ककडून येणारा दुसरा रस्ता एम्पायर गावापाशी या महामार्गास मिळतो, आणि दोन नद्यांचे पाणी एकाच अरुंद पात्रात शिरते. बोगद्याच्या पश्चिमेचा चढ सात टक्क्यांचा आहे. तेथे अवजड मालमोटारी गोगलगायीच्या गतीने चढतात. ज्वालाग्राही माल नेणाऱ्या टँकरना बोगद्यात प्रवेश नाही, ते खिंडीवरून जातात. खिंड बर्फाने बंद असली की इतर सर्व वाहतूक थांबवून त्यांना बोगद्यातून काढावे लागते. बोगद्यात मोटारी तुंबल्या तर आग लागण्याचा प्रसंग जीवघेणा ठरेल, म्हणून अधिकारी कित्येकदा बोगद्याच्या तोंडाशीच वाहने रोखून धरतात. रांगेतल्या माणसाला हा आडमुठेपणा वाटतो; वस्तुतः ती सावधगिरी असते.

तथापि एवढ्यानेही सारा उलगडा होत नाही. पुढे अपघात नाही, दरड नाही, तरीही शेकडो मोटारी थांबतात आणि थोड्या वेळाने, कारण न कळता, पुन्हा धावू लागतात. जपानमधील संशोधकांनी या कोड्याचा एक साधा प्रयोग करून पाहिला, त्याचा वृत्तान्त २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. २३० मीटर परिघाच्या वर्तुळात २२ मोटारी समान वेगाने फिरविण्यास त्यांनी चालकांना सांगितले. वाटेत काहीही अडथळा नव्हता. थोड्याच वेळात एकाचा वेग किंचित कमी झाला, मागच्याने त्याहून अधिक कमी केला, आणि उभ्या मोटारींची एक लाट वर्तुळात मागे मागे सरकू लागली. रस्ता भरत आला की चालकाची एक घाबरट ब्रेक मैलभर मागच्या माणसाला थांबविते. हे ओळखून कोलोरॅडोत एक उपाय करून पाहण्यात आला: गर्दीच्या वेळी पोलिसांच्या मोटारींनी पुढे राहून सर्वांस एका संथ, सारख्या वेगाने घेऊन जावयाचे. सावकाश गेल्याने लवकर पोचता येते, हे सामान्य माणसाच्या गळी उतरणे कठीण. पण गणित तसे आहे.

व्यक्तीने काय करावे, याची उत्तरे तेथील प्रत्येक घरात पाठ असतात. पहाटे सहापूर्वी बोगद्यापलीकडे पोचावे. रविवारी दुपारी बाराच्या आत परतावे किंवा रात्रीचे जेवण तेथेच उरकून सातनंतर निघावे. जमल्यास मंगळवारी जावे. मोटारीत पाणी, पांघरूण आणि खाण्याचे जिन्नस ठेवावेत. यातील टायरचा भाग आता सल्ल्याचा राहिलेला नाही, तो कायदा झाला आहे. २०१९ च्या कायद्यानुसार सप्टेंबर ते मे या काळात या पर्वतीय टप्प्यावर बर्फास योग्य असे टायर किंवा साखळ्या जवळ असणे बंधनकारक आहे. टायरवरील खाचांची खोली किती असावी हेही त्यात ठरविलेले आहे. हा कायदा योग्यच म्हटला पाहिजे. गुळगुळीत टायरची एक मोटार चढावर आडवी झाली की तिच्या मालकाबरोबर आणखी हजारो लोक ती संध्याकाळ गमावतात. परंतु लवकर निघण्याच्या सल्ल्यात एक अंगभूत दोष आहे: तो सर्वांनी मानला की संपतो. पूर्वी सातला निघणारे सहाला निघू लागले, सहाचे पाचला. कोंडी नाहीशी न होता पहाटेकडे सरकली. एकट्याची चतुराई समूहाच्या कामी येत नाही, ती येथे.

मग रस्ता रुंद का करू नये? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते की, गर्दीच्या वेळेचा रस्ता जेवढा वाढवावा तेवढी वाहने त्यावर येतात आणि तो पुन्हा भरतो. पूर्वी कंटाळून घरी राहिलेले, वेळ बदललेले, बसने जाणारे असे सर्व नव्या जागेकडे धाव घेतात. शिवाय क्लिअर क्रीकच्या त्या अरुंद दरीत एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस ओढा आणि मध्ये आयडाहो स्प्रिंग्ज, जॉर्जटाउन यांसारखी एकोणिसाव्या शतकातील खाणकाम करणाऱ्यांची गावे; रुंदी आणावयाची कोठून? या गावांचे दुःख निराळेच आहे. कोंडी झाली की शहरी मोटारी आडरस्त्यांना लागतात, गावातील गल्ल्या भरून जातात, आणि मग रुग्णवाहिकेलाही वाट मिळत नाही. स्की-केंद्रात पाळणे चालविणारा, उपाहारगृहात भांडी घासणारा मजूर जागेच्या भाड्याला कंटाळून दूर राहतो. त्याला याच रस्त्याने कामावर यावयाचे असते, मौजेसाठी नव्हे.

डिसेंबर २०१५ मध्ये एम्पायर ते आयडाहो स्प्रिंग्ज या टप्प्यावर, रस्त्याच्या कडेच्या राखीव पट्टीतून, गर्दीच्या दिवशी उघडणारी एक टोलची मार्गिका सुरू झाली. गर्दी वाढेल तसा तिचा टोल वाढतो. पुढे उलट दिशेलाही तशी मार्गिका झाली. वाहतूक काही अंशी सुरळीत झाली, हे मान्य करावयास हवे. पण येथे मूळ प्रश्न उघडा पडतो. जागा थोडी आणि मागणारे पुष्कळ, अशा वेळी वाटप कोणत्या तरी मापाने करावेच लागते. रांग हे एक माप आहे: ते श्रीमंत-गरीब पाहत नाही, पण माणसांचे आयुष्य फुकट घालविते. टोल हे दुसरे माप: त्यात वेळ वाचतो, मात्र ज्याचा खिसा जड त्याचाच. तिसरे माप आसनांचे आहे, आणि न्याय व काटकसर ही दोन्ही त्यातच साधतात. ठोकळ हिशेब पाहावा. सपाट रस्त्यावरील एका मार्गिकेतून तासाला फार तर दोन हजार मोटारी जाऊ शकतात. प्रत्येकीत दोन माणसे धरली तर ती चार हजार होतात. पन्नास आसनांच्या ऐंशी बसगाड्या तेवढीच माणसे नेतात आणि रस्ता जवळजवळ मोकळा राहतो.

ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही. डेन्व्हरहून विंटर पार्कला स्कीसाठी रेल्वेगाडी १९४० पासून जात होती. १९२८ मध्ये उघडलेल्या सहा मैलांहून लांब अशा मॉफट बोगद्यातून ती थेट उतारांच्या पायथ्याशी उतरवीत असे. २००९ मध्ये ती बंद पडली. २००१ मध्ये पर्वतमार्गावर एकरूळी गाडीच्या चाचणीसाठी पाच कोटी डॉलर खर्चण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला, तो त्यांनी फेटाळला. १९७२ ला पर्वत वाचविण्यासाठी 'नाही' म्हणणाऱ्या राज्याने या वेळी पैसा वाचविण्यासाठी 'नाही' म्हटले, आणि दोन्ही वेळा मोटारीचाच जय झाला. याच काळात स्की-कंपन्यांनी मात्र आपले गणित अचूक मांडले. २००८ मध्ये व्हेल रिसॉर्ट्सने साऱ्या मोसमाचा एकच पास स्वस्तात विकावयास काढला. पैसे आधीच भरले गेले की प्रत्येक शनिवार वसूल करण्याची ओढ लागते. अरापाहो बेसिन या लहान केंद्राने २०१९ मध्ये, वाहनतळावरील गर्दीच असह्य झाल्यामुळे, त्या योजनेतून अंग काढून घेतले. पुढे आठवड्याअखेरीस वाहनतळाची जागा आधी राखून ठेवण्याची पद्धतही तेथे सुरू झाली. धंद्यात गिऱ्हाईक कमी व्हावे म्हणून केलेला असा निर्णय विरळाच.

स्वित्झर्लंडमधील झेरमाट गावात खासगी मोटारींना प्रवेशच नाही. पाहुण्याने खालच्या टेश गावी मोटार ठेवावी आणि रेल्वेने वर जावे. तेथे रूळ आधी आले, मोटार नंतर. कोलोरॅडोला उलट क्रमाने चालावे लागत आहे, म्हणून त्याची पावले अडखळती आहेत. २०१७ मध्ये विंटर पार्कची गाडी पुन्हा सुरू झाली. डिसेंबर २०१९ पासून राज्याच्या वाहतूक खात्याने स्की-केंद्रांसाठी बसगाड्या सोडल्या. २०२४ मध्ये भाड्याच्या मोटारींवर दिवसाला तीन डॉलरपर्यंत शुल्क आकारून तो पैसा रेल्वे व बससेवेकडे वळविण्याचा कायदा झाला, आणि मॉफट बोगद्याच्या भाडेपट्ट्याची नव्व्याण्णव वर्षांची मुदत संपत येताच राज्याने रेल्वे कंपनीकडून अधिक प्रवासी गाड्यांसाठी वाट मागून घेतली. दुसरीकडे, २०२३ पासून आयडाहो स्प्रिंग्जच्या अलीकडे फ्लॉइड हिल येथे डोंगर फोडून महामार्ग रुंद करण्याचे कोट्यवधी डॉलरचे कामही हाती घेण्यात आले. त्या नव्या मार्गिकेवरून बसगाड्यांना निर्वेध वाट मिळणार, की ती टोल भरणाऱ्या एकट्यादुकट्याच्या मोटारींनीच भरून जाणार, हे तेथील मतदारांना पुन्हा एकदा ठरवावे लागेल.