घरातील थंड हवेचे यंत्र किती वर्षे टिकते?

एके काळी शहरातील चित्रपटगृहांत व मोठ्या पेढ्यांतच आढळणारे थंड हवेचे यंत्र आता खेड्यातील घरांतही दिसू लागले आहे. कोठे आखातात नोकरीस असलेल्या मुलाने वृद्ध आईबापांसाठी ते बसवून दिलेले असते, तर कोठे ते हप्त्यांवर घेतलेले असते. हप्ते फिटण्याच्या आतच दुरुस्तीची बिले येऊ लागली, तर त्याची झळ घरखर्चास व मुलांच्या शिक्षणास लागते. म्हणून हे यंत्र किती काळ टिकते, हे प्रत्येक गृहस्थाने आधीच जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते.

नीट निगा राखल्यास असे यंत्र साधारणपणे १० ते १५ वर्षे चालते. थंड देशांत हेच तत्त्व उलट वापरून घर उबदार ठेवणारी यंत्रे असतात. हिवाळा व उन्हाळा अशा दोन्ही ऋतूंत राबूनही तीं सुमारे १५ वर्षे टिकतात.

परंतु स्थळपरत्वे या आयुष्यात फरक पडतो. इंदूर किंवा हैदराबाद येथे यंत्राचे शत्रू म्हणजे धूळ व कडक ऊन. गोव्याच्या किनाऱ्यावर मात्र खारा वारा त्याहून घातक ठरतो. बाहेरच्या पेटीत तांब्याच्या नळ्या व ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या एकमेकींस चिकटून असतात. त्यांवर खारट ओलावा बसला की ॲल्युमिनियम झिजू लागते व पुढे पट्ट्यांचा अक्षरशः भुगा होतो. अशा ठिकाणी संरक्षक लेप दिलेल्या पट्ट्यांचे यंत्र घ्यावे, आणि वीज बंद करून बाहेरची पेटी अधूनमधून गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यंत्रातील गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहून आतील उष्णता बाहेर टाकतो. तो कमी झाला, याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. ती न शोधता दरवर्षी नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. आतील जाळी दर पंधरवड्यास धुवावी. ती तुंबली की वीज अधिक खर्च होते, कधी आत बर्फही धरतो, आणि काँप्रेसरवर ताण येतो. विजेचा दाब कमीजास्त होत असेल, तर स्टॅबिलायझर अवश्य बसवावा.

जुने यंत्र दुरुस्त करावे की टाकावे? यंत्रास १० वर्षे होऊन गेली असतील आणि काँप्रेसर निकामी झाला असेल, तर त्यावर पैसा न घालणेच शहाणपणाचे. त्यात ‘आर-२२’ हा जुना गॅस असेल तर विशेषच. तो ओझोनच्या थरास हानिकारक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. बिघाड किरकोळ असेल, तर मात्र विक्रेत्याच्या आग्रहास भुलून चांगले यंत्र भंगारात काढू नये.

आपल्या देशात २०२० पासून नवी यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावलेली येतात. तेवढ्यावरच समाधान मानणाऱ्या घरी यंत्रही कमी राबते आणि विजेचे बिलही आटोक्यात राहते.