डोक्यावरचा आवाज

साताऱ्याहून पुण्याकडे निघालं, की काही अंतरावर लिंब गावाचा फाटा लागतो. तिथली बारामोटेची विहीर बघायला लोक येतात ते दगडी जिन्यासाठी, कमानींसाठी, वरच्या छोटेखानी महालासाठी. मागच्या उन्हाळ्यात मी गेलो तो ऐकायला. विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ही विहीर बांधून घेतली. खोली ११० फूट, व्यास ५० फूट, आणि एका वेळी बारा मोटा चालतील अशी वर सोय. पाण्याच्या अंगाला जाऊन डोळे मिटून उभा राहिलो. कुठल्याशा कोनाड्यातून एक पारवा उडाला. तो फडफडाट कुठे झाला हे मी मिटल्या डोळ्यांनी बोट करून दाखवलं असतं: उजवीकडे, आणि चांगला दोन पुरुष वर. तेवढ्यात काठावरून कुणी कुणाला तरी हाक मारली. ती मात्र अख्ख्या विहिरीतून आली. माणूस वर आहे हे मला माहीत होतं म्हणून ती वरची, एवढंच.

पारव्याची उंची कानाला कळली आणि माणसाची कळली नाही. असं का, हे शोधायला लागलं की थेट सिनेमागृहाच्या छतापर्यंत जावं लागतं.

डावं-उजवं सोपं आहे. डोकं साधारण १७-१८ सेंटिमीटर रुंद. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डाव्यात एक मिलिसेकंदाच्या जेमतेम दोन तृतीयांश इतका उशिरा, आणि थोडा दबलेला. एवढ्या फरकावर मेंदूचं भागतं. पण आवाज बरोबर नाकासमोरून आला काय, टाळूवरून आला काय किंवा मानेमागून आला काय, दोन्ही कानांत तो एकाच वेळी आणि एकसारखाच पोचतो. तुलना करायला काही उरतच नाही. गव्हाणी घुबडानं यावर आपल्या परीनं तोड काढली आहे. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा वर असतो, त्यामुळे दोन कानांच्या तुलनेतूनच त्याला वर-खालीही उमगतं. अंधारात ते उंदरावर अचूक पडतं त्यात या तिरपेपणाचा मोठा वाटा आहे. आपले कान पडले एका ओळीत.

तेव्हा आपल्याकडे हे काम प्रत्येक कान एकेकटा करतो, आणि तेही बाहेरच्या कानाच्या जोरावर. मास्तर पिळायचे तो कान. शाळेत मला वाटायचं, ऐकण्याचा खरा कारभार आत, पडद्यामागे चालतो. बाहेरचा हा भाग नुसता टोचायला आणि पिळायला. पण त्याच्या वळ्या, खाचा आणि मधली वाटी नुसती शोभेची नाही. आवाजाचा काही भाग सरळ छिद्रात शिरतो, काही या वळ्यांवर आपटून केसभर उशिरा शिरतो. दोन्ही मिसळताना काही बारीक सूर एकमेकांना खाऊन टाकतात, काही फुगतात. आवाज वर-खाली सरकला की खाल्ला जाणारा सूरही सरकतो. मेंदू त्या खड्ड्याची जागा वाचतो आणि उंची ठरवतो.

यात एक अट आहे. ही करामत साधारण ६ ते १० हजार हर्ट्झच्या टापूत चालते, कारण तिथे आवाजाच्या लाटेची लांबी तीन ते सहा सेंटिमीटर, म्हणजे कानाच्याच मापाची असते. ५०० हर्ट्झची लाट पाऊण मीटरच्या आसपास. तिला कानाच्या वळ्या म्हणजे रस्त्यावरची खडी. रॉफ्लर आणि बटलर या अमेरिकी संशोधकांनी १९६८ साली हेच दाखवलं: आवाज अनेक सुरांनी भरलेला हवा, त्यात ७ हजारांच्या वरचे सूर हवेत आणि बाहेरचा कान मोकळा हवा, तरच उंची कळते. पारव्याच्या पंखांत ते बारीक सूर भरपूर होते. हाकेत मुळातच कमी, आणि होते तेही दगडी भिंतींवर आपटून विस्कटले.

साउंडवाल्यांनी हे शोधनिबंध वाचलेले नसतात, पण आमच्याकडे त्यांची भाषाच बघा. जत्रेत, वरातीत, गणपतीत ते विचारतात, “बेस किती, टॉप किती?” बेस म्हणजे ढोबळ आवाजाची मोठी खोकी, ती जमिनीवर. टॉप म्हणजे बारीक आवाजाची, ती वर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर खोकी चढवणाऱ्या एका पोराला मी विचारलं, बेस वर आणि टॉप खाली लावले तर? तो हसला. “बेस कुठंबी ठेवा ओ, त्यो पोटात वाजतो. टॉप खाली ठेवला तर पुढच्या चार माणसांच्या अंगातच मरतो.” दोन्ही गोष्टी खऱ्या. ढोबळ आवाजाची उंची कुणाच्याच कानाला सांगता येत नाही, आणि बारीक आवाज माणसांच्या अंगा-कपड्यांत जिरतो.

मग ढगांचा गडगडाट? तो तर ढोबळातला ढोबळ. लांबून येता येता त्यातलं उरलंसुरलं बारीक हवेतच विरतं. तरी आपण वर बघतो. ती कानाची साक्ष नव्हे, ढग वर असतात हे लहानपणापासून ठाऊक असल्याची साक्ष. गावच्या भोंग्याचंही तसंच. कर्ण्याची घडणच माणसाचा शब्द लांब न्यायची. अगदी बारीक सूर त्यातून फारसे निघत नाहीत, निघालेले रानात पोचत नाहीत. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरून सायरन होऊ लागला आणि गावानं दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचं ठरवलं. पोरांनी अभ्यासाला बसावं, घरच्यांनी एकमेकांशी बोलावं, हा हेतू. असा सायरन शिवारात ऐकणारा “गावाकडनं आला” म्हणेल, “वरनं आला” म्हणणार नाही.

या ढिलेपणाचा फायदा नाटकवाल्यांनी फार आधी उठवला. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. पौराणिक नाटकांचा हा मुलूख. आमच्या गावच्या नाटकात आकाशवाणी व्हायची ती विंगेतून, तोंडापुढे डालड्याचा रिकामा डबा धरून. डबा आवाजातलं बारीक खायचा, बोलणारा दिसायचा नाही, आणि कंस वर बघायचा. कंसानं वर बघितलं की पाचशे माणसांना आवाज वरून ऐकू यायचा. पुढे बेल्जियममध्ये तयार झालेल्या ऑरो या ध्वनिपद्धतीत थेट छतातून वाजणाऱ्या स्पीकरला ‘देवाचा आवाज’ असं टोपणनाव पडलं, तेव्हा मला आधी तो डबा आठवला.

सिनेमागृहात आवाज पडद्याच्या मागून होता, तो बाजूच्या आणि मागच्या भिंतींवर आला. पण बराच काळ तो एका पातळीतच फिरत राहिला, रिंगणासारखा. छत गप्पच होतं. २०१२ साली ‘ब्रेव्ह’ या चित्रपटाबरोबर डॉल्बी अ‍ॅटमॉस आलं आणि छतावर स्पीकरच्या रांगा लागल्या. एका वेळी १२८ पर्यंत ध्वनिपट्ट्या आणि ६४ पर्यंत स्पीकर-वाटा. यात अमुक आवाज अमुक स्पीकरला असं बांधलेलं नसतं. हेलिकॉप्टर या जागेवरून त्या जागेवर गेलं एवढंच लिहून ठेवतात. कोणत्या स्पीकरनं किती वाजायचं ते त्या त्या थिएटरातलं यंत्र ठरवतं.

छताला काय द्यायचं, यातच ध्वनिकाराची पारख आहे. पाऊस, पाखरं, पानांची सळसळ छतावर चपखल बसतात, कारण त्यात कानाला हवं ते बारीक असतं. गडगडाट छतातून द्या की जमिनीतून, प्रेक्षक तो ढगातच ठेवणार. संवाद पडद्यावरच राहिलेले बरे. आमच्या भागातल्या एका थिएटरात पावसाचा प्रसंग चालू असताना शेजारच्या टोपीवाल्या गृहस्थांनी मान वर करून छताकडे बघितलं आणि मांडीवरची पिशवी खुर्चीखाली सरकवली. अ‍ॅटमॉसला याहून मोठी पावती मी पाहिलेली नाही. पत्र्याच्या घरात वाढलेला माणूस होता, हे उघड आहे.

घरी छतात स्पीकर खोचायचे नसतील तर दुसरी युक्ती: स्पीकरचं तोंड वर, आवाज छतावर आपटून खाली. सोबत त्या आवाजाचे ठरावीक बारीक सूर थोडे चढवलेले, थोडे उतरवलेले असतात, म्हणजे कानाच्या वळ्या जी खूण करतात तीच यंत्र आधीच करून देतं. येन्स ब्लाउअर्ट या जर्मन संशोधकानं १९७० च्या आगेमागे दाखवलं होतं, की ८ हजार हर्ट्झच्या आसपासची अरुंद पट्टी समोरून वाजवा नाहीतर मागून, लोक ती वरून आली म्हणतात. मात्र या युक्तीला छत सपाट, टणक आणि बेताच्या उंचीचं लागतं. कौलारू घरात तो आवाज आढ्याला जाऊन कुठे उतरेल याचा नेम नाही.

मराठीत तर ‘उंच आवाज’ म्हणजे जागेनं उंच की सुरानं, हेच आधी विचारावं लागतं. वरचा सा, खालची पट्टी. देवगिरीच्या शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात मंद्राला हृदय, मध्याला कंठ आणि ताराला मस्तक असं स्थान दिलं. हा नुसता अलंकार नव्हे. कॅरोल प्रॅट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९३० साली लोकांना वेगवेगळे सूर ऐकवले, तेव्हा स्पीकर कुठेही असो, चढे सूर लोकांनी वर दाखवले आणि उतरते खाली. सतारियाचा हात मात्र चढ्या सुराला दांडीवरून खाली उतरतो, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तानपुऱ्याची जव्हारी लावताना बसून बघण्यासारखं असतं. घोडीचा माथा कानसीनं इतका हलका घासायचा की डोळ्याला फरक दिसूच नये. घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. दोरा नसताना तार ‘टुंग’ म्हणून खाली पडते. दोरा जागेवर आला की त्याच तारेतून बारीक सुरांचं मोहोळ उठतं. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तो क्षण कुठल्या कागदावर कसा नोंदवणार? मला दर वेळी वाटतं, की झंकार भोपळ्यापाशी नसून कारागिराच्या डोक्याच्या वर कुठेतरी आहे. त्यात कानाच्या वळ्यांचा भाग किती आणि प्रॅटचा किती, हे मी सोडवू शकलेलो नाही. मैफलीत गवयाच्या मागे असे दोन तानपुरे बसतात, तेव्हा छतात काही न लावताही डोक्यावर मांडव पडतो.

राहिली एक गोष्ट. कानाची ही लिपी प्रत्येकाची निराळी असते, कारण वळ्या निराळ्या. नेदरलँड्समध्ये १९९८ साली काही जणांच्या कानांत साचे बसवून वळ्यांचा आकार बदलला. डावं-उजवं शाबूत राहिलं, वर-खाली साफ बिघडलं. काही आठवड्यांत ते नव्या कानांनी उंची ओळखायला शिकले. साचे काढले तेव्हा जुनी लिपी जशीच्या तशी हजर होती.

आमच्या आबांचं वय आता ब्याऐंशी. शाळू हुरड्यात आला की लहानपणी ते माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं राखत. थवा दिसायच्या आधी त्यांचा हात त्या दिशेला वळलेला असे, असं आजी सांगायची. वयानं बारीक सूर आधीच गेले होते. दोन वर्षांमागं कानामागे बसणारं यंत्र घेतलं. त्याचा मायक्रोफोन कानाच्या वर, वळ्यांच्या बाहेर बसतो. यंत्रानं बोलणं चांगलं कळतं, टीव्हीचा आवाजही कमी झाला. परवा संध्याकाळी अंगणात बसलो होतो. पोपटांचा थवा कलकलाट करत घरावरून गेला.

“पोपटं आली बघ,” आबा म्हणाले आणि दाराकडं बघू लागले.