बंद खोलीत पॉलिश कोणते मारावे?

दिवाळीनंतर लग्नसराई सुरू होते आणि घराघरांत फर्निचरचे काम निघते. घरात माणसे राहती, थंडीमुळे खिडक्या लावलेल्या. अशा वेळी मालकाची पहिली अट असते, "मिस्त्री, वास येणार नाही असे पॉलिश करा." या अटीचे नीट उत्तर ज्या कारागिराकडे असेल, काम त्याच्याकडे जाईल.

मात्र वास कमी म्हणजे धोका कमी, असे समजू नये. मेलामाईनमधून फॉर्मल्डिहाइड वायू निघतो. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः त्यानेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तो माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरला. तो निदान नाकाला कळतो तरी. दोन डब्यांचे थिनरवाले पीयू त्याहून फसवे. त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट वासाने कळत नाही, पण स्प्रे मारताना छातीत गेले तर कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. मालक चार दिवस वास घेतो, आपला कारागीर वर्षभर. म्हणून ही निवड आधी आपल्या छातीसाठी करावी.

घरात तान्हे मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर पाण्यावरचे, एका डब्याचे पीयू घ्यावे. थिनर लागत नाही, ब्रश पाण्याने धुतला जातो. वास थोडा येतोच, तेव्हा एक खिडकी उघडी हवी. त्याची खरी अडचण थंडीची. बहुतेक कंपन्या १० अंशांच्या खाली ते मारू नये असे सांगतात, आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिक-पुण्याचा पारा रात्री त्याखालीही उतरतो. तेव्हा ऊन वर आल्यावर काम सुरू करावे, शेवटचा हात दुपारीच संपवावा आणि डबा रात्री गच्चीवर ठेवू नये. पाण्याने लाकडाचे रोंगटे उभे राहतात. पहिला हात पूर्ण वाळला की ३२० नंबरचा पेपर हलका फिरवावा.

सागवानावर आणखी एक पेच आहे. साग तेलकट, त्यामुळे पाण्यावरचे पीयू नीट धरत नाही, शिवाय लाकूड फिके दिसते. आधी चपड्याचा एक पातळ हात दिला की दोन्ही प्रश्न सुटतात. पण चपड्यात सुमारे ५ टक्के मेण असते आणि मेणावर पीयू टिकत नाही. म्हणून मेण काढलेला चपडा आणावा, किंवा भिजवलेले द्रावण स्थिर ठेवून वरचे नितळ तेवढेच वापरावे.

कपाट, पलंगाची पाठ, देखाव्याच्या वस्तू यांना नुसते लाखेचे पॉलिशही पुरते. स्पिरिट उडाले की वास राहत नाही. जेवणाच्या टेबलाला मात्र ते देऊ नये, गरम कपाचा पांढरा डाग पडतो. स्पिरिटची वाफ पेट घेते, तेव्हा काम चालू असताना गॅस, शेगडी, अगरबत्ती, विडी सगळे बंद हवे.

पाण्यावरचे पीयू महाग पडते आणि थंडीत दिवसही जास्त लागतात. दर ठरवतानाच त्याच लाकडाच्या तुकड्यावर नमुना करून दाखवावा, आणि वाढीव दिवस व मालाचा खर्च कागदावर लिहून घ्यावा.