तळघराची उंची वाढवणे

तळघराची उंची वाढवणे म्हणजे जुन्या घरातील ठेंगण्या तळघराची फरशी खाली नेऊन किंवा घर वर उचलून ती जागा राहण्याजोगी करणे होय. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा येथील थंड प्रदेशांत अशी कामे विशेषतः आढळतात.

पार्श्वभूमी

थंड प्रदेशात जमिनीतील पाणी गोठल्याने माती फुगते व पाया उचलला जाण्याची भीती असते. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली नेला जातो आणि त्या खोदाईतच तळघर बांधणे सोयीचे ठरते. जुन्या काळी तेथे कोळसा, भट्टी व कंदमुळे ठेवली जात. वास्तव्याचा हेतू नसल्याने उंची कमी ठेवली जाई. भट्टीच्या रुंद हवानलिकांमुळे ती आणखी घटत असे.

निकष

अमेरिकेतील आदर्श निवासी बांधकाम संहितेनुसार राहण्याच्या खोलीची उंची किमान 7 फूट (सुमारे 2.13 मीटर) असावी लागते. तळघरातील तुळया व नलिकांखाली 6 फूट 4 इंच उंची चालते. राज्ये व शहरे या संहितेत बदल करून ती लागू करतात.

पद्धती

उंची थोडीच कमी असल्यास खोदाई टाळता येते. खोटे छत काढून लाकडी कड्या उघड्या ठेवणे किंवा नलिका भिंतीलगत वळवणे, हे त्याचे उपाय आहेत.

फरशी खाली नेताना पायाखालची माती मोकळी होऊन भिंत खचू शकते. त्यामुळे ‘अंडरपिनिंग’ पद्धतीत जुन्या पायाखाली सुमारे एक मीटर रुंदीचे, एकमेकांपासून दूर असलेले भाग खोदून त्यांत काँक्रीट भरतात. ते घट्ट झाल्यावरच लगतचा भाग खोदला जातो.

‘बेंच’ पद्धतीत पायाला धक्का न लावता भिंतीच्या आतील बाजूने काँक्रीटचा ओटा बांधतात. हे काम तुलनेने सोपे असले तरी खोलीची रुंदी घटते.

तिसऱ्या पद्धतीत जॅकच्या साहाय्याने संपूर्ण घर उचलून भिंतींची उंची वाढवली जाते.

धोके

सलग खोदाई केल्यास घर कोसळू शकते. सामाईक भिंत असल्यास शेजारच्या घरालाही धोका पोहोचतो. म्हणून संरचना अभियंत्याचा आराखडा व स्थानिक परवानगी आवश्यक ठरते. भूजलपातळी उंच असल्यास निचऱ्याची सोय करावी लागते. जुन्या नलिकांच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ते काढण्यापूर्वी तपासणी केली जाते. उंची वाढली तरी झोपण्याच्या खोलीला आगीच्या वेळी थेट बाहेर पडता येईल अशी खिडकी किंवा दार आवश्यक असते.