सात आसनांचा हिशोब : ऑडी क्यू७ की व्होल्वो एक्ससी९०?

अक्षय्य तृतीया किंवा दिवाळीचा पाडवा जवळ आला की अनेक व्यापारी कुटुंबांत नव्या गाडीचा विषय निघतो. पेढीचा व्याप वाढलेला असतो, आई-वडिलांना तीर्थयात्रेस न्यायचे असते, नातवंडे मोठी झालेली असतात आणि जुन्या गाडीत सारे घर मावत नाही. एक तोळा सोने घेताना चार सराफांकडे भाव विचारणारे आपण एक कोटीची गाडी मात्र पुष्कळदा एका चाचणी फेरीत आणि रंग पाहून ठरवतो. कारण गाडीची निवड हा हिशोबाचा नव्हे, हौसेचा प्रांत आहे, अशी आपली समजूत असते. हौसेला जागा अवश्य असावी. पण तिच्याआधी वहीत चार ओळी लिहिल्या गेल्या, तर हौस अधिक काळ टिकते.

एकत्र कुटुंबासाठी सात आसनी, आलिशान आणि भारतात जुळवणी होणारी एसयूव्ही पाहू गेल्यास दोन नावे हमखास समोर येतात : ऑडी क्यू७ आणि व्होल्वो एक्ससी९०. पहिलीची जुळवणी आपल्याच छत्रपती संभाजीनगरात होते, दुसरीची बंगळूरुजवळ होसकोटे येथे. दोहोंची तुलना कोणत्या क्रमाने करावी, हे पाहू.

कागदावरचा फरक

नोव्हेंबर २०२४ मध्ये क्यू७ची सुधारित आवृत्ती भारतात आली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ८८.६६ लाख रुपयांपासून सुरू होत होती. मार्च २०२५ मध्ये आलेल्या सुधारित एक्ससी९०ची किंमत सुमारे १.०३ कोटी होती. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरील २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के उपकर जाऊन सरसकट ४० टक्के कर लागू झाला. म्हणजे करापूर्वी १०० रुपये किमतीची जी गाडी १५० रुपयांना पडत होती, ती १४० ला पडू लागली. जुन्या जाहिरातीतील किंमत मनात धरून दालनात जाऊ नये. ताजे दरपत्रक लेखी मागावे.

क्यू७मध्ये तीन लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे. शक्ती ३४० अश्वशक्ती. एक्ससी९०मध्ये दोन लिटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे. शक्ती सुमारे २५० अश्वशक्ती. दोहोंना ४८ व्होल्टची सौम्य हायब्रिड यंत्रणा आहे, दोहोंची चारही चाके ओढतात. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास क्यू७ला साडेपाच सेकंदांहून किंचित अधिक वेळ लागतो, एक्ससी९०ला पावणेआठ सेकंदांच्या आसपास. क्यू७चा कमाल वेग ताशी २५० किलोमीटर. व्होल्वोने मात्र २०२० पासून आपल्या गाड्यांचा वेग स्वतःहून १८० वर रोखला आहे.

आता या आकड्यांना आपल्या रस्त्यांशी ताडून पाहा. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. जून २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला. त्यावरील कमाल वेगमर्यादा ताशी १२० आहे. दोन्ही गाड्या ती सहज गाठतात. क्यू७चे मोठे इंजिन भरल्या गाडीने घाट चढताना आणि मालट्रक ओलांडताना कमी धापा टाकते, हा तिचा खरा लाभ. २५० चा आकडा हा आपल्यासाठी लाभ नव्हे.

तिसरी रांग कोणासाठी?

सात आसने हा या खरेदीचा मूळ हेतू असेल, तर परीक्षाही तिथेच घ्यावी. दालनात गेल्यावर चालकाच्या आसनावर सर्वांत शेवटी बसावे. आधी घरातील सर्वांत उंच व्यक्तीला मधल्या रांगेत बसवावे आणि तिचे आसन न हलवता एखाद्या प्रौढाने तिसऱ्या रांगेत बसून पाहावे. क्यू७ लांबीने अधिक असली (सुमारे ५.०७ मीटर विरुद्ध ४.९५ मीटर), तरी तिची तिसरी रांग मुख्यतः मुलांच्या सोयीची आहे. एक्ससी९०ची तिसरी रांग १७० सेंटीमीटर उंचीपर्यंतच्या व्यक्तींसाठी आखलेली आहे. बाहेरची लांबी आणि आतली जागा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट होते.

मग आजींची परीक्षा. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना उंच गाडीत चढणे हीच मोठी अडचण असते. एक्ससी९०चे हवेवर चालणारे सस्पेन्शन गाडी उभी असताना तिला खाली झुकवते आणि चढ-उतार सुलभ करते. क्यू७लाही हवेचे सस्पेन्शन मिळते. आपण घेणार असलेल्या आवृत्तीत ते आहे ना आणि ते कितपत खाली येते, हे प्रत्यक्ष करून पाहावे. दालनातील गुळगुळीत फरशीवर नव्हे, बाहेर रस्त्यावर. सातही जण बसल्यावर मागे किती सामान उरते, हेही घरच्या दोन बॅगा नेऊन तपासावे. तिसरी रांग उघडली की दोन्ही गाड्यांत सामानाची जागा पुष्कळच आटते. चार दिवसांच्या यात्रेचे डबे, पाण्याचे भांडे आणि अंथरूण कोठे ठेवायचे, हा प्रश्न खरेदीनंतर पडू नये.

सुरक्षिततेत दोहोंना युरो एनकॅपच्या २०१५ च्या चाचण्यांत पाच तारे मिळाले होते. आज जगभर वापरला जाणारा तीन बिंदूंचा सीटबेल्ट १९५९ साली व्होल्वोनेच प्रथम गाडीत बसवला, हे खरे. पण तिसऱ्या रांगेतील मुलाने तो लावला नाही, तर त्या इतिहासाचा उपयोग नाही.

आसनावरचे चामडे

आता असा एक मुद्दा, जो तुलनेच्या तक्त्यांत क्वचितच असतो आणि आपल्या घरांत मात्र प्रथम यायला हवा. मंदिरात जाताना कमरेचा पट्टा आणि पाकीट बाहेर काढून ठेवणारी आपली कुटुंबे. त्यांतील पुष्कळांनी पादत्राणेही विचारपूर्वक निवडलेली असतात. आलिशान गाडीची आसने मात्र बहुधा खऱ्या चामड्याची असतात आणि तेच तिचे वैभव म्हणून मिरवले जाते. क्यू७च्या माहितीपत्रकात ‘क्रिकेट लेदर’ असा शब्द आढळतो, एक्ससी९०च्या माहितीपत्रकात ‘नाप्पा लेदर’. हे दोन्ही शब्द खऱ्या चामड्याचेच आहेत.

येथे शब्दांचा अर्थ नीट समजून घ्यावा. ‘लेदरेट’ म्हणजे कृत्रिम चामडे. मर्सिडीजच्या गाड्यांतील ‘आर्टिको’ आणि व्होल्वोचे ‘नॉर्डिको’ ही त्याच जातीची नावे. ‘वूल ब्लेंड’ म्हणजे लोकर मिसळलेले कापड. ज्यांना लोकरही चालत नाही त्यांनी हे ध्यानी ठेवावे. व्होल्वोने २०२१ मध्ये आपल्या सर्व नव्या पूर्ण विद्युत गाड्या चामडेमुक्त करण्याचे जाहीर केले; परंतु एक्ससी९० ही पेट्रोलवरची गाडी असल्याने ती घोषणा तिला लागू होत नाही. कंपनीचे धोरण ऐकून गाडीबद्दल निष्कर्ष काढू नये.

आसने कृत्रिम असली, तरी सुकाणूचे चाक आणि गिअरचा दांडा यांवर चामडे असू शकते. म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : “या गाडीत कोठे कोठे प्राणिज चामडे आहे, हे लिहून द्याल का?” चामड्यावर कापडी आवरण चढवले म्हणजे प्रश्न मिटला, असे काही जण मानतात, ते आवरण डोळ्यांपुरते असते. मागणी नोंदवण्याआधी चामडेविरहित अंतर्भाग मिळतो का, किती अधिक काळ लागतो आणि किती खर्च येतो, हे ठरवून घ्यावे. तो मिळत नसेल, तर दोन्ही गाड्या यादीतून काढून तिसरीकडे वळण्याची तयारी ठेवावी. ग्राहकाने विचारलेच नाही, तर कंपनी बदलणार नाही.

पेढीच्या नावावर की स्वतःच्या?

एक कोटी एक्स-शोरूम किमतीची पेट्रोल गाडी महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर घेतल्यास १३ टक्के दराने १३ लाख रुपये एकरकमी मार्गकर पडतो. कंपनीच्या नावावर घेतल्यास दर २० टक्के, म्हणजे २० लाख. फरक सात लाखांचा.

“पण कंपनीला घसारा मिळतो ना?” मिळतो. मोटारगाडीवर आयकरात घटत्या मूल्यावर १५ टक्के घसारा आहे. पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी असेल तर निम्माच. एक कोटीवर पहिल्या वर्षी १५ लाख, दुसऱ्या वर्षी १२.७५ लाख. कराचा दर २५ टक्के धरला, तर दोन वर्षांत सुमारे सात लाखांचा कर वाचतो. म्हणजे ढोबळ मानाने पहिल्या दोन वर्षांचा लाभ मार्गकरातील फरकच गिळून टाकतो. शिवाय अशा प्रवासी गाडीवरील जीएसटीची वजावट सर्वसाधारण व्यापाऱ्यास मिळत नाही. विक्रेता वसूल करतो तो १ टक्का टीसीएस मात्र खर्च नव्हे; तो विवरणपत्रात वळता होतो. भागीदारी पेढीस कोणता मार्गकर लागू होईल, हे आरटीओत आणि वैयक्तिक वापराचा भाग किती वगळावा लागेल, हे आपल्या सनदी लेखापालांना आधीच विचारावे.

इंधनावर आपण सर्वाधिक बोलतो. वजन त्याचे सर्वांत कमी. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी एक गाडी लिटरला ८ आणि दुसरी १० किलोमीटर देते असे मानू. ३०० लिटरचा फरक पडतो. १०५ रुपये दराने साडेएकतीस हजार. याउलट, गाडीत गुंतलेले एक कोटी मालात फिरले असते आणि दहा टक्के सुटले असते, तर वर्षाचे दहा लाख झाले असते. गाडीची खरी किंमत या दुसऱ्या आकड्यात आहे. दोन्ही गाड्यांच्या सध्याच्या पिढ्या २०१४-१५ साली जगासमोर आलेल्या आहेत, हेही लक्षात घ्यावे. नवी पिढी आली की जुनीचा पुनर्विक्रीचा भाव उतरतो. त्यामुळे सवलत मागताना हा मुद्दा निःसंकोच मांडावा.

शेवटचा आकडा अंतराचा. सांगली, लातूर किंवा अकलूजला राहणाऱ्याने सर्वांत जवळची अधिकृत कार्यशाळा किती किलोमीटरवर आहे, हे नकाशावर मोजावे. ऑडीचे जाळे भारतात व्होल्वोपेक्षा मोठे आहे. मुंबई-पुण्यात हा फरक जाणवणार नाही. तालुक्याच्या गावी तो प्रत्येक सर्व्हिसिंगला जाणवेल.

निवड

गाडी मुख्यतः मालक स्वतः चालवणार, महामार्गावर धावणे अधिक, तिसरी रांग सणासुदीपुरती आणि गाव महानगरापासून दूर : असे असेल, तर क्यू७ उजवी ठरते, किंमतही कमी आहे. ज्येष्ठांची चढ-उतार रोजची, तिसऱ्या रांगेत प्रौढ बसणार आणि घर मोठ्या शहरात : असे असेल, तर एक्ससी९०साठी मोजलेले अधिक पैसे वाया जात नाहीत. आणि वर्षातून दोनदाच सातजण एकत्र निघत असतील, तर दोन दिवसांसाठी मोठी गाडी भाड्याने घेणे हाही वहीतला एक वैध पर्याय आहे.

चाचणी फेरीला जाताना घरातील सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत लहान, दोघांनाही बरोबर न्यावे. शेजारी काय म्हणतील याचे उत्तर पाडव्यापुरते टिकते. आजींना गाडीत बसता येते का याचे उत्तर पुढची दहा वर्षे द्यावे लागते.